गाडीवरचे ओरखडे घरी काढताना: कोणता घासावा, कोणता भरावा, कोणता तसाच ठेवावा

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या दुखापती एकत्र आल्या आहेत आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत, म्हणून आधी त्या सुट्या करून मांडतो. गाडी चार वर्षांची, राखाडी मेटॅलिक रंगाची, ठाण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी राहणारी आहे. बॉनेटवर ऊन पडले की गोल गोल बारीक रेषांचे जाळे दिसते, मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर पांढरा फराटा उमटला आहे, आणि डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजावर कोणाच्या तरी दुचाकीच्या हँडलने ओढलेला हातभर लांबीचा चरा आहे, ज्याच्या मधल्या भागात करडे काहीतरी दिसते. गॅरेजमधून तिन्ही पॅनेल पूर्ण रंगवून घेण्याचा सल्ला मिळाला आहे, शेजारच्यांनी टूथपेस्ट सुचवली आहे, आणि यातले घरी किती जमेल असे तुम्ही विचारले आहे. माझे मत थोडक्यात असे की बंपर घरी संपूर्ण नीट होईल, बॉनेट बऱ्याच अंशी सुधारेल, आणि दरवाजावरचा चरा घरी गंजापासून वाचवता येईल, दोन हात अंतरावरून चटकन लक्षात येणार नाही इतका झाकताही येईल, परंतु नाहीसा करता येणार नाही. तिन्ही पॅनेल रंगवण्याचे कारण मला दिसत नाही.

हे समजण्यासाठी रंगाची रचना माहीत असणे आवश्यक आहे. कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया झाल्यानंतर गाडीचा संपूर्ण सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने पहिला थर चढवला जातो. याला ईडी कोट म्हणतात, आणि गंजापासून पत्र्याचे खरे रक्षण हाच थर करतो. त्यावर बहुतेक गाड्यांमध्ये प्रायमर सरफेसर येतो, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे चारही थर मिळून जाडी साधारणपणे १०० ते १४० मायक्रॉन भरते आणि काही गाड्यांवर ती त्याहूनही कमी असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो हे लक्षात घेतले, तर पत्र्यावरचा सगळा रंग जेमतेम दोन केसांच्या जाडीचा आहे असे म्हणता येईल. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा आणि ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट तर अवघा १० ते २० मायक्रॉनचा असतो.

आता घासून ओरखडा जातो म्हणजे नेमके काय होते, ते पाहा. ओरखडा ही खाच असते आणि कोणतेही कंपाउंड, म्हणजे रंग घासण्याचे बारीक कणांचे मलम, त्या खाचेत नवा रंग किंवा नवा क्लिअर कोट भरत नाही. कंपाउंडमधले बारीक कण खाचेच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवतात आणि भोवतालची पातळी खाचेच्या तळाकडे उतरते. म्हणजे प्रत्येक ओरखडा आपण क्लिअर कोट खर्चून काढत असतो, आणि खर्च झालेला क्लिअर कोट परत मिळत नाही. उन्हातील अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्येही त्याच थरात असतात. म्हणून वारंवार किंवा जोरात घासून तो फार पातळ झाला, तर दोन-चार उन्हाळ्यांनंतर बॉनेटवर आणि छपरावर तो दुधाळ होऊ लागतो व पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. ते एकदा सुरू झाले की पॅनेल रंगवण्यावाचून उपाय उरत नाही. त्यामुळे जो ओरखडा सर्वांत सौम्य साधनाने सुटतो त्याला त्याहून तीव्र साधन लावू नये, आणि जो सुटण्यासारखा नाही त्याच्यापायी भोवतालचा चांगला थर घालवू नये, हा सगळ्या कामाचा पाया आहे.

यात तुमच्या फायद्याची एक गोष्ट आहे. ओरखडा डोळ्यांना खुपतो तो त्याच्या खोलीपेक्षा त्याच्या तीक्ष्ण कडांमुळे, कारण प्रकाश त्या कडांवर विखुरतो आणि रेषा पांढरी चमकते. कडा थोड्या गोलावल्या तरी प्रकाश सरळ परततो आणि रेषा जवळपास दिसेनाशी होते. म्हणून खाचेच्या तळापर्यंत घासत जाण्याची बहुतेक वेळा गरजच नसते; तीनचतुर्थांश परिणाम पहिल्या काही मिनिटांत मिळतो आणि उरलेल्या अंशासाठीच लोक क्लिअर कोट संपवून बसतात.

ओरखडा कोणत्या थरापर्यंत गेला आहे हे ओळखण्यासाठी तो भाग आधी स्वच्छ धुऊन कोरडा करा आणि मग त्यावर थोडे पाणी शिंपडा. ओले असताना रेषा पूर्ण नाहीशी झाली आणि वाळल्यावर पुन्हा दिसू लागली, तर ती क्लिअर कोटमध्येच आहे आणि घासून कमी होईल. ओली असतानाही रेषा करडी किंवा पांढरट दिसत राहिली तर चरा प्रायमरपर्यंत पोहोचला आहे. धातूची चमक किंवा तपकिरी ठिपका दिसला तर पत्रा उघडा पडला आहे. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे त्यावर खोल चऱ्यात बहुधा काळे दिसते. तिथे गंजाचा प्रश्न नसतो, त्यामुळे घाईही नसते. दुसरी खूण नखाची आहे. रेषेवरून नख आडवे, हलक्या हाताने फिरवावे. ते अडखळले नाही तर हाताने घासून काम होईल, किंचित अडखळले तर ओरखडा कमी होईल पण पूर्ण जाणार नाही, आणि नख स्पष्टपणे अडकले तर घासण्याचा विचार सोडून द्यावा. तुमच्या वर्णनावरून दरवाजाच्या चऱ्याची दोन्ही टोके क्लिअर कोटमध्ये आणि मधला वीतभर भाग प्रायमरमध्ये असावा. हँडलची रबरी मूठ किंवा ब्रेकच्या दांडीचे टोक ओढले गेले की असेच होते, सुरुवातीला आणि शेवटी दाब कमी असतो आणि मध्ये जास्त.

बंपरवरचा पांढरा फराटा हा माझ्या अंदाजाने ओरखडा नसून दुसऱ्या गाडीचा किंवा खांबाचा रंग तुमच्या रंगावर चिकटलेला आहे. त्यावर नख फिरवल्यास खाच लागण्याऐवजी बारीक उंचवटा लागतो. हे काम सर्वांत सोपे आहे. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ फडक्यावर घेऊन अर्धा मिनिट फराट्यावर ठेवा आणि मग पुसा. तेवढ्याने न निघाल्यास रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन त्याच पद्धतीने वापरा आणि उरलेल्या खुणेवर थोडे पॉलिश फिरवा. एनसी थिनर, म्हणजे जुन्या नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचे तीव्र द्रावक, मात्र लावू नका. कारखान्यात भाजलेला रंग तो काही काळ सोसतो, परंतु बंपर पूर्वी कधी बाहेर रंगवलेला असेल तर तो रंग थिनरने मऊ होऊन सुटतो. पेट्रोलने पुसण्याची सवयही धोक्याची आहे. फराटा निघाल्यावर खाली खरे ओरखडे उघडे पडतील, त्यांचा विचार बॉनेटबरोबर करता येईल.

कोणतेही कंपाउंड लावण्याआधीची धुलाई ही निम्मे काम आहे. रंगावर धुळीचा एक कण राहिला तर पॉलिशच्या फडक्याखाली तोच नवा ओरखडा काढतो, आणि घोडबंदर रस्त्यासारख्या सतत बांधकाम चाललेल्या भागात ही धूळ सिमेंट आणि खडीच्या चुऱ्याची असते. कोकणातून आलेल्या गाडीवर जांभ्याची लाल धूळ असते, तीही तितकीच खरखरीत. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग कार शॅम्पूने मऊ मिटद्वारे (हातात घालायच्या धुण्याच्या मोज्याने) धुवा, आणि मिट खळबळण्यासाठी वेगळ्या पाण्याची बादली ठेवा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण टाळा. वाळल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे रंगावरून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग पिशवीतून वाळूच्या कागदासारखा लागला, तर ब्रेकमधून व रेल्वेच्या रुळांवरून उडालेले लोखंडाचे कण आणि झाडांचा चीक त्यात रुतून बसले आहेत असे समजा. ते क्ले बारने, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर शॅम्पूचे पाणी शिंपडत काढावे लागतात. क्ले बार हातातून जमिनीवर पडला तर पडलेला तुकडा टाकूनच द्यावा, कारण त्याला चिकटलेली माती मळून निघत नाही.

आता बॉनेट. ते जाळे क्लिअर कोटच्या अगदी वरच्या भागात असते आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, ते म्हणजे रोज सकाळी कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याने पुसली जाणारी धूळ. त्याच्या उपायासाठी एक मध्यम कंपाउंड, त्याहून सौम्य असे एक फिनिशिंग पॉलिश, फोमचे तीन-चार ॲप्लिकेटर, पाच-सहा चांगली मायक्रोफायबर फडकी आणि मास्किंग टेप एवढे साहित्य लागेल. ३एम, मेगवायर्स यांच्यासारख्या कंपन्यांची कंपाउंड आपल्याकडे सहज मिळतात. डब्यावर क्लिअर कोटसाठी सुरक्षित असल्याचा उल्लेख पाहून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे जुन्या पद्धतीचे घट्ट रबिंग कंपाउंड हे एनसी रंगाच्या काळातले आहे, त्याचे कण जाड असतात आणि आजच्या क्लिअर कोटवर ते स्वतःच धुरकट चरे सोडते.

गाडी सावलीत असावी आणि बॉनेट हाताला गार लागले पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकते आणि घासले जाण्याऐवजी ओढले जाते. बॉनेटच्या उंच कडा, पॅनेलचे काठ आणि दिव्यांच्या आजूबाजूची रबरे यांवर टेप लावून घ्या, कारण कडेवर क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो आणि दाब मात्र सर्वांत जास्त पडतो. घासून क्लिअर कोट गेलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकींचे नुकसान अशा कडांवरच झालेले होते. त्यानंतर फूटभर लांबी-रुंदीचा एकच चौकोन निवडा आणि सुरुवात कंपाउंडने न करता फिनिशिंग पॉलिशने करा. फोमवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब घेऊन सरळ रेषेत पुढे-मागे, मग त्याला काटकोनात, असे दीड-दोन मिनिटे घासा. गोल गोल फिरवल्यास उरणाऱ्या सूक्ष्म रेषाही गोल राहतात आणि त्या उन्हात कोणत्याही दिशेने पाहिल्या तरी चमकतात. सरळ रेषा पुष्कळ कमी दिसतात. दाब चार बोटांचा सपाट असावा. एकाच बोटाच्या टोकाने रेषेवर दाबून घासल्यास तिथे उथळ खळगा तयार होतो, आणि तो प्रतिबिंबात ओरखड्यापेक्षा वाईट दिसतो.

घासून झाल्यावर पुसून, त्या जागेवर निम्मे पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुन्हा पुसा. ही पायरी टाळू नका. पॉलिशमधले तेल ओरखड्यांत बसते आणि काम छान झाले असा भास होतो, मग पुढच्या दोन धुलाईंत सगळ्या रेषा परत येतात. तेल काढल्यावर मोबाइलची टॉर्च तिरकी धरून पाहा. सुधारणा पुरेशी असेल तर संपूर्ण बॉनेट पॉलिशनेच करा. नसेल तर त्याच चौकोनावर कंपाउंडचा एक, फार तर दोन-तीन हात द्या आणि शेवटी पॉलिशने त्याची धूसर झाक काढा. तुमची गाडी मेटॅलिक असल्यामुळे तिच्यावर क्लिअर कोट आहे, म्हणजे फडक्यावर राखाडी रंग येण्याचे काहीच कारण नाही. तो दिसू लागला तर तुम्ही क्लिअर कोट ओलांडून रंगापर्यंत पोहोचला आहात, त्या क्षणी थांबा. काही साध्या पांढऱ्या गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसतो, तिथे फडके पांढरे होणे स्वाभाविक आहे.

हाताने संपूर्ण बॉनेट करायला अर्धा दिवस लागतो आणि सगळ्या रेषा जात नाहीत, हे आधीच मान्य करून बसा. ज्यांना यंत्र हवे असेल त्यांनी ड्युअल ॲक्शन पॉलिशरच घ्यावा. त्याची चकती स्वतःभोवती फिरताना डोलतेही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साठत नाही. रोटरी पॉलिशर आणि ड्रिलला लावलेली फोमची चकती अननुभवी हातात काही सेकंदांत क्लिअर कोट जाळू शकते. काम संपल्यावर वॅक्स किंवा सीलंटचा एक हात द्या, कारण घासलेला पृष्ठभाग उघडा असतो. गाडीवर सिरॅमिक कोटिंग असेल तर घासलेल्या जागेवर ते निघून जाते, तेवढा भाग नंतर पुन्हा करावा लागेल. मॅट रंगाच्या गाडीला यातले काहीही लावू नये, तिच्यावर कायमचा चकचकीत डाग पडतो.

हात बसवण्यासाठी एक चांगली जागा सांगतो. दरवाजाच्या मुठीमागे जी वाटीसारखी खोलगट जागा असते ती टॉर्चच्या उजेडात पाहा. नखे, अंगठ्या आणि किल्ल्यांच्या असंख्य बारीक ओरखड्यांनी ती भरलेली असते, आणि त्या सगळ्या खुणा वरवरच्या असतात. मायक्रोफायबरचा छोटा तुकडा तर्जनी-मध्यमेभोवती गुंडाळून, पॉलिशचा एक थेंब घेऊन तिथे पाच मिनिटे काम केले की दाब किती हवा, पॉलिश केव्हा सुकू लागते आणि तेल काढल्यावर खरे काय उरते, हे बोटांना कळते. चूक झालीच तरी ती मुठीच्या सावलीत राहते. तेवढे करून मगच बॉनेटला हात लावा.

टूथपेस्टविषयी तुम्ही मुद्दाम विचारले आहे. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाचे घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी पुसट रेष तिने कमी झालेली दिसू शकते. परंतु ते कण दातांसाठी निवडलेले असतात, घासताना फुटून आणखी बारीक होत जाण्याचा जो गुण चांगल्या कंपाउंडच्या कणांत असतो तो त्यांच्यात नसतो, आणि रंगावर त्यांची धूसर झाक राहते. खोबरेल तेल, रॉकेल आणि डब्ल्यूडी-४० यांनी ओरखडा नाहीसा झाल्यासारखा वाटतो तो तेल खाचेत बसल्यामुळे. पहिल्या पावसात ते वाहून जाते. भांड्यांची हिरवी घासणी मात्र कोणत्याही कारणासाठी रंगाला लावू नये.

आता दरवाजा, जिथे खरी काळजी हवी. प्रायमर दिसत असेल तोवर पत्रा सुरक्षित आहे. पत्रा दिसत असेल तर ठाण्याच्या खाडीलगतच्या दमट हवेत पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत तपकिरी छटा येऊ शकते. आज बऱ्याच गाड्यांचे बाहेरचे पत्रे जस्ताचा मुलामा दिलेले असतात आणि त्यामुळे गंज उशिरा येतो, पण तेवढ्यावर विसंबून वर्ष काढू नये. लगेच काम करता येत नसेल तर चरा धुऊन, पूर्ण कोरडा करून त्यावर वॅक्सचा जाड हात द्या. काम सुरू करताना ते टर्पेंटाइनने आणि नंतर अल्कोहोलने काढता येते.

टचअपसाठी रंग डोळ्यांनी जुळवू नका, गाडीचा रंगाचा कोड शोधा. तो इंजिनच्या कप्प्यातल्या पाटीवर किंवा चालकाच्या दरवाजाजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. मारुतीच्या गाड्यांवर २६यू म्हणजे सुपीरियर व्हाइट, झेड२एस म्हणजे सिल्की सिल्व्हर, अशा प्रकारचे. अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या खिडकीवर हा कोड सांगून टचअपची बाटली मागवता येते. बाटलीच्या झाकणातला ब्रश चऱ्यासाठी फार जाड असतो, त्यामुळे शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश किंवा टूथपिक वापरा.

दोन्ही टोकांचा उथळ भाग बॉनेटप्रमाणेच पॉलिशने कमी करून घ्या, म्हणजे भरण्याची लांबी घटते. मग मधला भाग अल्कोहोलने पुसा. गंज दिसत असेल तर १००० नंबरच्या वॉटर पेपरची (पाण्यात भिजवून वापरायच्या घासकागदाची) घडी करून तिच्या धारेने फक्त खाचेच्या आत घासा, बाहेरचा क्लिअर कोट न दुखवता. जिथे पत्रा उघडा आहे तेवढ्याच जागी प्रायमरचा पातळ थेंब ओढा आणि तो पूर्ण वाळू द्या. त्यानंतर बाटली चांगली दोन मिनिटे हलवा, कारण मेटॅलिक रंगातली ॲल्युमिनियमची चूर तळाशी बसलेली असते, आणि टूथपिकच्या टोकावर रंग घेऊन तो खाचेला नुसता टेकवा. रंग आपणहून खाचेतून पुढे सरकतो. ओढायला गेलात तर काठांवर पसरतो. पातळ तीन-चार थर, प्रत्येकामध्ये निदान अर्धा तास, आणि रंगाची पातळी काठाच्या किंचित खालीच ठेवा, कारण वाळताना रंग आकसतो आणि वर क्लिअर कोटसाठी जागा हवी. काठावर सांडलेला रंग ओला असतानाच, बोटाभोवती ताणून धरलेल्या फडक्याला थोडे अल्कोहोल लावून चऱ्याला आडवा पुसावा. क्लिअर कोटचे दोन-तीन थर मात्र पृष्ठभागाच्या किंचित वर येईपर्यंत भरायचे.

हवामानाकडे लक्ष द्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत टचअपच्या बाटलीतले हवेत वाळणारे लॅकर (रंग व क्लिअर कोट) वाळताना त्यातले द्रावक उडून पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. शक्य असेल तर हे काम दसरा-दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत, सकाळी दहानंतर करा. पावसाळ्यात करावेच लागले तर निदान सलग दोन कोरडे दिवस पाहा. क्लिअर कोट भरल्यावर किमान आठवडाभर त्याला हात लावू नका. वरून कोरडा लागला तरी तो आत मऊ असतो आणि लवकर घासल्यास खाचेतून उचलून निघतो.

आठवड्यानंतर उंचवटा समतल करायचा. २००० नंबरचा वॉटर पेपर तासभर साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या छोट्या तुकड्यावर लावून फक्त उंचवट्यावर फिरवा. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावलेली असेल तर आजूबाजूचा रंग वाचतो; उंचवटा टेपच्या पातळीला आला की टेप काढून शेवटचे काही फेरे ३००० नंबरने, अगदी हलक्या हाताने द्या. दर सात-आठ फेऱ्यांनंतर पुसून पाहायचेच. पृष्ठभाग एकसारखा धूसर दिसला की थांबा, मग कंपाउंड आणि पॉलिशने चमक आणा. ज्यांना हाताची खात्री नाही त्यांनी ही पायरी गाळून उंचवटा तसाच राहू दिला तरी चालेल. थोडा उंच दिसणारा पण बंद झालेला चरा हा गुळगुळीत करण्याच्या नादात उघड्या पडलेल्या रंगापेक्षा कितीतरी बरा. भोवतालचा क्लिअर कोट वॉटर पेपरने उतरवून अख्खा चराच नाहीसा करण्याचे जे प्रात्यक्षिक दाखवले जाते, ते कृपया घरी करू नका. बाजारात मिळणारे साधे जाडी मोजण्याचे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, त्यातला क्लिअर कोट किती उरला हे ते सांगू शकत नाही.

परिणामाची अपेक्षा नेमकी ठेवा. कारखान्यात फवारलेल्या मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमची चूर सपाट बसलेली असते आणि टूथपिकने भरलेल्या रंगात ती अस्ताव्यस्त बसते, त्यामुळे कोड तंतोतंत असला तरी एका कोनातून रेष किंचित गडद आणि दुसऱ्यातून किंचित फिकी दिसणार. पांढऱ्या किंवा लाल साध्या रंगात हा फरक बराच कमी असतो. राखाडी आणि चंदेरी मेटॅलिक हे टचअपसाठी सर्वांत अवघड रंग आहेत. एक इशारा आवश्यक आहे. हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर कोट स्प्रेच्या डब्यातही मिळतो आणि तो टिकाऊ असतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ज्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, म्हणून तो बंद पार्किंगमध्ये किंवा घराच्या गॅलरीत फवारू नये.

दरवाजा पूर्ण रंगवायचा की नाही हा तुमचा निर्णय आहे, आणि चरा डोळ्यांसमोर खुपतच राहणार असेल तर तो रंगवून घेण्यात काही गैर नाही. मात्र कारखान्यातला क्लिअर कोट सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो, गॅरेजच्या बूथमध्ये तो साधारण ६० अंशांवर वाळवतात आणि रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये बूथच नसतो; म्हणून सुस्थितीतला मूळ रंग केवळ बारीक जाळ्यासाठी उतरवू देऊ नका, आणि बॉनेटच्या बाबतीत तर मुळीच नाही. विम्याचा विचार करत असाल तर हिशेब आधी मांडा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २००० रुपये अनिवार्य वजावट असते, आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो, जो पाच दावेविरहित वर्षांत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत गेलेला असतो. चौथ्या वर्षी एका दरवाजासाठी दावा करणे बहुतेकांना तोट्याचे पडते. पुढे-मागे आणखी एखाद्या पॅनेलचे मोठे काम निघाले, तर त्या दाव्याबरोबर काय समाविष्ट होऊ शकते हे विमा कंपनीच्या सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) विचारा.

हे सगळे करून जाळे पुन्हा उमटू नये असे वाटत असेल, तर सोसायटीत गाडी पुसणाऱ्या दादांशी बोला. एकाच बादलीत आणि एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा शेवटच्या गाड्यांना पाण्यापेक्षा चिखलच जास्त मिळतो. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, तुमच्या स्वतःच्या दोन फडक्यांनी आणि आधी पाणी ओतून पुसायला सांगा, पैसे तेवढेच द्या. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर चढवू नका, वाऱ्याने कव्हर हलत राहते आणि खालची धूळ रंगावर घासली जाते. गणपतीच्या मिरवणुकीनंतर पडलेला गुलाल झटकायचा किंवा पुसायचा नाही, पाण्याच्या धारेने वाहू द्यायचा.

टचअप केलेल्या जागेवर महिनाभर वॅक्स लावू नका, आतले द्रावक उडायला वेळ लागतो. त्यानंतर पहिल्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चऱ्याची दोन्ही टोके आणि मधला भाग टॉर्चने पाहा. बारीक फुगा किंवा तपकिरी कड दिसली तर गंज आत राहून गेला आहे. अशा वेळी तेवढाच भाग खरवडून प्रायमरपासून पुन्हा करावा लागतो, आणि तो जितक्या लवकर कराल तितकी खरवडण्याची जागा लहान राहते.